टोकाची नोंद

त्रिएस्तेत बोरा सुटली की पालिकेची माणसं
चढाच्या गल्लीत दोर बांधतात,
भिंतीतल्या कडीपासून दिव्याच्या खांबापर्यंत.
म्हातारी माणसं तो धरून पाव आणायला जातात.
टोप्या समुद्राच्या.

नेवेंका श्केर्क खिडकीशी बसून
आठव्यांदा तीच बेरीज करते आहे. जुळत नाही.
विषय ब्रेन. मेंदूचा नव्हे, पापुद्र्याचा.
तिच्या बापाने, अल्बिनने, एकदाच विचारलं होतं
आणि ऐकून घेऊन म्हणाला होता, म्हणजे शीड.
मुज्जात शिडं शिवण्यात त्याचा जन्म गेला,
त्याला सगळंच शीड.

शीड, पण हव्या तितक्या मितींचं.
एखादं नुसतीच दोरी, एखादं चादर,
एखादं आपण ज्याला जागा म्हणतो तेवढं,
आणि त्याहून दांडगी काही, ज्यांच्यासाठी ती
कागदावर एक उभी रेघ मारते
आणि मनातल्या मनात माफी मागते.

मग दोर शिडाला संपतो तिथे काय असतं? अल्बिनचा प्रश्न.
गाठ, असं म्हणून सुटता आलं असतं.
पण गाठ नाही, बाबा.
दोरीला अधांतरी संपताच येत नाही,
संपायला कुणाचं तरी अंग लागतं.
आणि ज्याच्या अंगावर ती संपते
त्याला ते टोक टोक म्हणून कळत नाही.
त्याला वाटतं, आपल्यात कुठूनसा एक भार उगवला,
त्याची ओढ चहूकडे पसरते आहे.
जवळ जाऊन पाहावं तर तो पापुद्राच
ओढीने उंच होत, निमुळता होत
दोरी झालेला.
शीड कुठे सरलं ते बोटाने दाखवता येत नाही.

अल्बिनने खिडकीबाहेर कडीकडे पाहिलं होतं.
भिंत फुगलीय तिथे, म्हणाला,
गिलावा आहे तोवर कळणार नाही.

आता त्याच दोराला धरून
खालून नेवेंकाची आई वर येते आहे
आणि वरून झोफका मावशी खाली.
सीमेची रेघ आजोबांच्या मळ्यातून गेली त्या वर्षी
एकीकडे वेली राहिल्या, एकीकडे विहीर.
तेव्हापासून एकेचाळीस वर्षं
बहिणी एकमेकींचं नाव घेत नाहीत.

दोर एक. वारा असा की पिशवीतला कांदा उडावा.
सोडायचा कुणी?
दोघी थांबल्या. बराच वेळ, नेवेंकाच्या चहावर साय येईतो.
मग आईने उजवा हात झोफकाच्या खांद्यावरून पलीकडे नेऊन
दोर पकडला, आणि झोफकाने तिच्या काखेखालून,
क्षणभर कोणाचा हात कोणता ते वरून कळेना,
आणि एक वर गेली, एक खाली.
शब्द नाही. मागे वळून पाहणं नाही.

नेवेंका कागदाकडे आली.
दोन, पाच-पाच मितींची. एकमेकींतून आरपार जातात.
ओरखडा नाही, छिद्र नाही,
दोघी होत्या तशाच.
आणि ती तेवढ्यावर थांबत होती, आठही वेळा.
पण कोण कुणाच्या डावीकडे होती
याचाही हिशेब ठेवलेला असतो.
जागा बदलल्या की बाकी उरते,
आणि ती फेडायला दोघींच्या मध्ये
नव्हतं ते एक तिसरं ताणलं जातं,
एक टोक हिच्यावर, एक तिच्यावर.
कुणी बांधलेलं नसतं.
नुसतं ओलांडणं पुरतं.

तिने दोन उभ्या रेघांमध्ये एक आडवी मारली.
बेरीज जुळली. तिला आनंद व्हायला हवा होता,
पण पाय गार पडले होते आणि आई दार वाजवत होती.

रात्री बोरा उतरली. आई बीन्सचं सूप वाढत होती,
अल्बिनच्या रिकाम्या खुर्चीपुढेही, सवयीने.
पळी भांड्यात ठेवून म्हणाली,
झोफकाला खोकला झालाय.

कुणी विचारलं नव्हतं.